ब्रँडी स्टेशन: चौदा तास लढूनही नकाशा बदलला नाही, मग ही लढाई मोठी का?

जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात कल्पेपर बॅटलफील्ड्स हे नवं राज्य उद्यान लोकांसाठी खुलं झालं. वॉशिंग्टन आणि त्याच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ते गाडीने साधारण दीड तासावर आहे. या उद्यानात फ्लीटवूड नावाची एक टेकडी येते. टेकडी म्हणजे खरं तर लांबट उंचवटाच. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या प्रसिद्ध गेटिसबर्ग रणभूमीसारखी शेकडो स्मारकं इथे नाहीत. पण अमेरिकेच्या भूमीवरची घोडदळाची सर्वांत मोठी लढाई इथेच झाली.

तारीख ९ जून १८६३. दोन्ही बाजूंची मिळून सुमारे वीस हजार माणसं, त्यातले सतरा हजारांच्या आसपास घोडेस्वार. पहाटे साडेचारला सुरू झालेली लढाई जवळजवळ चौदा तास चालली. संध्याकाळी हल्ला करणारं उत्तरेचं सैन्य नदीपलीकडे परत गेलं आणि दक्षिणेचं सैन्य सकाळी होतं त्याच जागी राहिलं. नकाशावरची रेघ हललीच नाही. तरीही अमेरिकेच्या यादवी युद्धावरचं कुठलंही गंभीर पुस्तक ही लढाई वगळून पुढे जात नाही. हे कोडं सोडवायचं तर घोडदळ नेमकं कशासाठी असतं, इथून सुरुवात करावी लागेल.

आधी थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेचं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झालं. गुलामगिरी टिकावी म्हणून दक्षिणेकडची अकरा राज्यं देशातून फुटली आणि त्यांनी आपलं वेगळं सरकार स्थापन केलं. देश एकसंध राहावा म्हणून लढणारं ते उत्तरेचं सैन्य, फुटलेल्यांचं ते दक्षिणेचं सैन्य. या लेखात मी एवढीच दोन नावं वापरतो. ब्रँडी स्टेशन हे कल्पेपर परगण्यातलं एक छोटं रेल्वे स्थानक. १८६० च्या जनगणनेनुसार या परगण्यातली निम्म्याहून अधिक माणसं गुलाम होती. लढाईच्या वर्णनांत त्यांचा उल्लेख क्वचित येतो, पण ज्या शेतांवरून घोडे दौडले ती त्यांनीच कसलेली होती.

मे १८६३ मध्ये चॅन्सलर्सव्हिलला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने उत्तरेच्या कितीतरी मोठ्या सैन्याला हरवलं. आता युद्ध शत्रूच्या प्रदेशात, म्हणजे पेनसिल्व्हेनियात न्यायचं त्याने ठरवलं. त्यासाठी तो आपलं सैन्य गुपचूप कल्पेपरला जमवत होता. मध्ये रॅपाहॅनॉक नदी होती. नदीच्या अलीकडे लीचं घोडदळ, आणि त्याचा प्रमुख जेब स्टुअर्ट.

घोडदळाचं खरं काम

घोडदळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उपसलेल्या तलवारी येतात. १८६३ पर्यंत हे चित्र बरंच मागे पडलं होतं. रायफली आता लांबवर नेमका मारा करत होत्या. सज्ज पायदळावर समोरून घोडे घालणं म्हणजे माणसं आणि जनावरं हकनाक मारणं. मग घोडदळ ठेवायचंच कशाला?

माहितीसाठी. त्या काळी विमानं नव्हती. शत्रू कुठे आहे, किती आहे, कुठल्या रस्त्याने निघाला आहे, हे घोड्यावरून जाऊन डोळ्यांनी पाहावं लागे. आणि आपलं सैन्य कुठे आहे हे शत्रूच्या स्वारांना कळू न देणं, म्हणजे आपल्या हालचालींवर पडदा धरणं, हे तितकंच महत्त्वाचं. लीला सत्तर हजारांहून अधिक माणसं डोंगरांच्या आडून उत्तरेकडे न्यायची होती. तो पडदा धरायची जबाबदारी स्टुअर्टची.

लढायची वेळ आली तर हे स्वार बहुतेक वेळा खाली उतरून लढत. चौघांपैकी एक जण चारही घोडे धरून मागे थांबे आणि तिघे कार्बाइनने गोळ्या झाडत. कार्बाइन म्हणजे स्वाराला सोयीची आखूड नळीची बंदूक. ब्रँडी स्टेशनची गोष्ट वेगळी एवढ्यासाठी, की इथे मोकळी शेतं होती, दोन्हीकडे मुख्यतः घोडदळच होतं, आणि त्यामुळे तलवारी खरोखर भिडल्या.

शिलेदार विरुद्ध बारगीर

पहिली दोन वर्षं दक्षिणेचं घोडदळ उत्तरेवर सहज कुरघोडी करत होतं. १८६२ मध्ये स्टुअर्टने शत्रूच्या अख्ख्या सैन्याला घोड्यावरून प्रदक्षिणा घातली होती. 'दक्षिणेचे लोक जन्मजात घोडेस्वार' असं त्याचं कारण सांगितलं जातं. त्यात थोडं तथ्य आहे, पण मला ते अपुरं वाटतं. खरं कारण व्यवस्थेत आहे, आणि ते मराठी वाचकाला फार समजावून सांगावं लागणार नाही.

आपल्याकडे शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. दक्षिणेचा स्वार हा शिलेदार होता. घोडा त्याचा स्वतःचा, सरकार त्यापोटी दिवसाला चाळीस सेंट देई. घोडा लढाईत मेला तर भरपाई मिळे. पण तो थकून, आजारी पडून किंवा उपासमारीने गेला, तर नुकसान मालकाचं. नवा घोडा आणायला रजा काढून घरी जावं लागे. घर दक्षिण कॅरोलायनात असेल तर आठवड्यांमागून आठवडे जात. नाहीच मिळाला तर घोडदळ सोडून पायदळात. सुरुवातीला हीच पद्धत फायद्याची ठरली, कारण माणूस आपल्या जुन्या, सवयीच्या, चांगल्या घोड्यावर बसून आला होता. पण युद्ध जसं लांबलं तशी तीच गळ्याशी आली. प्रत्येक मोहिमेनंतर स्वार कमी होत गेले.

उत्तरेचा स्वार बारगीर. घोडा सरकार देई, मेला तर दुसरा देई. उत्तरेची अडचण वेगळी होती. घोडे होते, माणसं होती, पण ती विखुरलेली. कुठे सेनापतीचे अंगरक्षक म्हणून, कुठे निरोप्ये म्हणून, कुठे सामानाच्या गाड्यांवर पहारेकरी म्हणून. फेब्रुवारी १८६३ मध्ये सेनापती जोसेफ हुकरने हे सगळे स्वार गोळा करून एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली दिले. चॅन्सलर्सव्हिल हरल्याचा ठपका त्याच्यावर आहे आणि तो रास्तच आहे, पण हा निर्णयही त्याचाच. मार्चमध्ये केलीज फोर्डला या नव्या घोडदळाने पहिल्यांदा बरोबरीची टक्कर दिली. ब्रँडी स्टेशन त्यानंतर तीन महिन्यांनी.

संचलनाचा थाट

जूनच्या सुरुवातीला स्टुअर्टजवळ साडेनऊ हजार स्वार होते. इतकं मोठं घोडदळ त्याच्या हाताखाली कधीच आलं नव्हतं. वय तीस. टोपीत शहामृगाचं पीस, अंगात लाल अस्तराचा झगा. ५ जूनला त्याने भव्य संचलन ठेवलं. आगगाड्या भरून पाहुणे आले, त्यात तरुणी बऱ्याच. स्वारांनी आपल्याच तोफांवर खोटी चढाई केली, तोफांनी कोरे बार काढले, रात्री नृत्य झालं. लीला त्या दिवशी येता आलं नव्हतं, म्हणून ८ जूनला त्याच्यासाठी पुन्हा संचलन. या वेळी लीने दौड आणि तोफा दोन्हींना मनाई केली. दारूगोळा आणि घोड्यांची ताकद पुढच्या मोहिमेसाठी राखायची होती.

हे सगळं ज्या शेतांत चाललं ती जॉन मायनर बॉट्स याची होती. हा दक्षिणेतला जमीनदार, पण देश फोडायला उघड विरोध करणारा. हजारो खुरांखाली तुडवली गेली ती त्याची शेती.

८ जूनच्या रात्री स्टुअर्टचे दमलेले स्वार नदीच्या उतारांजवळ पांगून झोपले. उतार म्हणजे नदी पायी किंवा घोड्यावरून ओलांडता येते ती जागा. सकाळी नदी ओलांडून कूच करायचं म्हणून सामान बांधून तयार होतं. नदीच्या पलीकडच्या काठावर उत्तरेचे अकरा हजार लोक चुली न पेटवता पहाटेची वाट पाहत आहेत, याचा कोणालाच पत्ता नव्हता. शत्रूची माहिती काढणं हे ज्या घोडदळाचं पहिलं काम, तेच गाफील राहिलं. स्टुअर्टचा कितीही मोठा चाहता असला तरी ही चूक त्याला नाकारता येणार नाही.

पहाटेचं धुकं

हुकरचा समज होता की स्टुअर्ट उत्तरेत छापा घालायला निघतोय. म्हणून त्याने अल्फ्रेड प्लेझंटनला त्याचं घोडदळ उधळून लावायला पाठवलं. प्लेझंटनने सैन्याचे दोन भाग केले. जॉन ब्यूफर्ड वरच्या बेव्हर्ली उतारावरून आणि डेव्हिड ग्रेग काही मैल खालच्या केली उतारावरून येणार होता. ब्रँडी स्टेशनला दोघांनी भेटायचं. स्टुअर्ट तिथेच आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तो अजून पुढे कल्पेपर गावाजवळ असेल असा त्यांचा अंदाज होता.

ब्यूफर्डची माणसं धुक्यातून नदी ओलांडून आली. आघाडीवर कर्नल बेंजामिन डेव्हिस. चौक्यांवरच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडत माघार घेतली, तो आवाज ऐकून छावणीतले लोक जागे झाले. कोणाच्या अंगात सदरा नाही, कोणाच्या घोड्यावर खोगीर नाही, पण ते तसेच धावले. रस्त्यालगत दक्षिणेचा तोफखाना उभा होता, त्याचे घोडे चरायला सोडलेले. अजून पाच-दहा मिनिटं मिळाली असती तर या तोफा डेव्हिसच्या हाती लागल्या असत्या. तोफखान्याने एक-दोन तोफा रस्त्यावर ओढून मारा सुरू केला आणि तेवढ्यात बाकीच्या मागे नेल्या. त्या धुमश्चक्रीत डेव्हिस डोक्यात गोळी लागून पडला.

हा डेव्हिस अलाबामात जन्मलेला, मिसिसिपीत वाढलेला, म्हणजे पक्का दक्षिणेचा. तो लढला उत्तरेकडून. यादवी म्हणतात ती याला. स्टुअर्टचा सख्खा सासरा उत्तरेच्या घोडदळाचा जनरल होता. आणि स्टुअर्टचा मुख्य सहायक हेन्री मॅकलेलन फिलाडेल्फियात जन्मलेला, त्याचे भाऊ उत्तरेच्या सैन्यात.

दुपारपर्यंत सेंट जेम्स चर्चजवळ ब्यूफर्ड आणि दक्षिणेच्या तोफा एकमेकांना भिडून राहिल्या. पेनसिल्व्हेनियाच्या सहाव्या रेजिमेंटने त्या तोफांवर मोकळ्या मैदानातून सरळ घोडे घातले आणि जबर नुकसान सोसून ते परतले.

एका तोफेने वाचवलेली टेकडी

या दिवसातला मला सर्वांत थरारक वाटणारा प्रसंग दुपारी बाराच्या सुमाराचा.

स्टुअर्ट सगळं बळ घेऊन चर्चकडे गेला होता. त्याच्या मुक्कामाच्या जागी, फ्लीटवूड टेकडीवर, मॅकलेलन आणि थोडे निरोपे एवढेच उरले होते. तेवढ्यात दक्षिण दिशेकडून, म्हणजे स्टुअर्टच्या पाठीमागून, धुळीचे लोट दिसले. हा ग्रेग. ठरलेल्या वेळेपेक्षा तो कित्येक तास उशिरा आला होता, पण आला होता तो नेमका मोकळ्या बगलेवर. टेकडी त्याच्या हाती गेली असती तर स्टुअर्ट दोन फौजांच्या मध्ये सापडला असता.

ग्रेगची चाहूल आधीच लागलेल्या एका तुकडीप्रमुखाने स्टुअर्टला सावध केलं होतं. स्टुअर्टने ते मनावर घेतलं नाही. मॅकलेलनचा निरोप आला तेव्हाही त्याला खरं वाटेना. मागून तोफांचे आवाज आले तेव्हा पटलं.

ते आवाज निघत होते एका तोफेच्या जोरावर. लेफ्टनंट जॉन कार्टरची ही तोफ दारूगोळा संपत आला म्हणून मागे आली होती आणि योगायोगाने टेकडीच्या पायथ्याशी उभी होती. जवळ मूठभर सदोष गोळे. मॅकलेलनने ती वर ओढून नेली आणि थांबून थांबून बार काढायला लावले. खाली येणारा पर्सी विंडहॅम हा इंग्रज अधिकारी विचारात पडला. तोफ आहे म्हणजे फौज असणारच, असं धरून तो थबकला आणि स्वतःच्या तोफा पुढे आणायला लागला. तेवढी मिनिटं पुरली. चर्चकडून निघालेले स्वार फेसाळलेल्या घोड्यांवरून टेकडीच्या माथ्यावर पोहोचले तेव्हा विंडहॅमचे लोक दुसऱ्या बाजूने जेमतेम पन्नास यार्डांवर आले होते.

पुढचे काही तास टेकडी या हातातून त्या हातात जात राहिली. धूळ इतकी, की समोरचा आपला की परका हे जवळ आल्यावरच कळे. ग्रेगने टेकडीच्या पायथ्याशी आणलेल्या तीन तोफा दक्षिणेने पळवल्या. विंडहॅम पायात गोळी लागून जखमी झाला. शेवटी वेड हॅम्प्टनच्या ब्रिगेडने चढाई करून टेकडी सोडवली. ब्रिगेड म्हणजे साधारण दीड-दोन हजार स्वारांची तुकडी, त्यामुळे या एका चढाईचं वजन केवढं असेल ते लक्षात यावं.

ग्रेगला उशीर का झाला?

'उशीर झाला नसता तर उत्तर जिंकलं असतं' असं म्हटलं जातं, आणि मला ते बरंच पटतं. ग्रेगबरोबर आल्फ्रेड डुफिएची फौज येणार होती. हा मूळचा फ्रेंच अधिकारी अंधारात रस्ता चुकला, त्याच्यासाठी ग्रेग थांबला. नंतर डुफिएला स्टीव्हन्सबर्गच्या वाटेने पाठवलं, तिथे दक्षिण कॅरोलायनाच्या थोड्या स्वारांनी त्याला अडवून धरलं. त्यांचा कर्नल मॅथ्यू बटलर आणि स्टुअर्टचा हेर विल्यम फार्ली शेजारी शेजारी घोड्यावर असताना एकच तोफगोळा दोघांच्या पायांतून आणि दोन्ही घोड्यांतून गेला. फार्ली मेला. बटलरने उजवं पाऊल गमावलं. तो पुढे अमेरिकेच्या सिनेटचा सदस्य झाला. हजारोंची ती फौज फ्लीटवूडला वेळेवर पोहोचलीच नाही.

मग जिंकलं कोण?

मैदान कोणाकडे राहिलं हा निकष लावला, तर दक्षिण. उत्तरेची हानी सुमारे ९००, दक्षिणेची ५०० च्या वर. उत्तरेच्या आकड्यात कैद झालेले बरेच आहेत. स्टुअर्टचं घोडदळ उधळून लावायचं होतं, ते जमलं नाही. सैन्यनेता म्हणून प्लेझंटन त्या दिवशी सामान्यच ठरला. लीचं पायदळ तिथून जवळच होतं आणि त्याची नेमकी बातमीही तो मागे नेऊ शकला नाही. लीचं कूच दुसऱ्याच दिवशी सुरू झालं.

पण त्या संध्याकाळी नदीकडे परतणारे स्वार पळत नव्हते. ते शिस्तीत निघाले आणि त्यांचा पाठलाग करायची ताकद समोरच्यांत उरली नव्हती. दोन वर्षं ज्यांच्याकडून मार खाल्ला त्यांना त्यांच्याच छावणीत जाऊन दिवसभर झुंजवलं होतं. मॅकलेलनने पुढे आपल्या ग्रंथात लिहिलं की उत्तरेचं घोडदळ खऱ्या अर्थाने घडलं ते या लढाईत. स्टुअर्टच्या सर्वांत जवळच्या माणसाची ही साक्ष आहे, म्हणून तिला मी जास्त मोल देतो.

दक्षिणेची राजधानी असलेल्या रिचमंडच्या वृत्तपत्रांनी तर स्टुअर्टवर झोड उठवली. गाफीलपणाबद्दल त्याचं नाव छापून टीका होण्याची त्याला सवय नव्हती.

गेटिसबर्गच्या पराभवाचं मूळ इथे आहे का?

एक लोकप्रिय मांडणी अशी: या टीकेने दुखावलेला स्टुअर्ट काहीतरी अचाट करून नाव परत मिळवायला निघाला. २५ जूनला तीन ब्रिगेड घेऊन तो शत्रूच्या सैन्याला वळसा घालायला गेला, वाटेत रॉकव्हिलला सव्वाशे गाड्या पकडल्या, त्या सांभाळत रखडला आणि पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला पोहोचला २ जुलैला. ली पुढे जी लढाई हरला ती आदल्या दिवशीच सुरू झाली होती. मधला आठवडाभर ली जणू डोळे बांधून शत्रूच्या प्रदेशात फिरत होता.

घटना खऱ्या आहेत. हेतूबद्दल मात्र मी जपून बोलेन. स्टुअर्टच्या मनात काय होतं याचा पुरावा नाही. लीचे हुकूमही मोघम होते, वळसा घालायची मुभा त्यांतच होती. शिवाय दोन ब्रिगेड मागे ठेवून तो गेला होता, त्यांचा उपयोग लीने नीट करून घेतला नाही.

सरळ दिसणारा संबंध वेगळाच आहे. १ जुलैच्या सकाळी गेटिसबर्गच्या पश्चिमेला दक्षिणेच्या पायदळाला घोड्यांवरून उतरून कार्बाइनने रोखून धरलं ते ब्यूफर्डने. ३ जुलैला स्टुअर्टला गावाच्या पूर्वेला अडवलं ते ग्रेगने. दोघेही ब्रँडी स्टेशनचे. तीन आठवड्यांपूर्वी जी टक्कर जेमतेम बरोबरीची होती, ती आता त्यांना नवी राहिली नव्हती.

एका दिवसाने खरंच इतका फरक पडतो?

एकट्या त्या दिवसाने नाही. जुलै १८६३ मध्ये उत्तरेने घोडदळासाठी वेगळं खातं काढलं. वॉशिंग्टनजवळ गीझबरो इथे प्रचंड सरकारी पागा उभी राहिली, एका वेळी सुमारे तीस हजार घोडे ठेवण्याची सोय असलेली. पुढे स्पेन्सरच्या लागोपाठ सात गोळ्या झाडणाऱ्या कार्बाइन आल्या. इकडे दक्षिणेचा स्वार अजूनही स्वतःचा घोडा शोधत घरी जात होता. मे १८६४ मध्ये यलो टॅव्हर्नला उत्तरेच्या घोडदळाशी लढताना स्टुअर्टला गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. तोवर स्वारांची संख्या, घोडे आणि हत्यारं या तिन्ही बाबतीत उत्तर पुढे गेलं होतं.

आज तिथे काय आहे

स्टेशनजवळ १८५८ च्या सुमारास बांधलेलं एक दुमजली घर आहे. युद्धात दोन्ही बाजूंनी त्याचा इस्पितळ म्हणून वापर केला. वरच्या मजल्याच्या भिंतींवर सैनिकांनी कोळशाने आणि शिसपेन्सिलीने नावं, रेजिमेंटचे क्रमांक, घोडे, बायकांची चित्रं काढून ठेवली. नंतर त्यावर रंग आणि कागद चढले. १९९३ मध्ये दुरुस्ती करताना ती पुन्हा उजेडात आली. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या सैनिकांच्या सह्या एकाच घराच्या भिंतींवर आहेत. ग्राफिटी हाउस या नावाने ते आता जपलेलं आहे.

रणभूमी मात्र सहज टिकली नाही. १९९० च्या दशकात इथे मोटार शर्यतींची धावपट्टी बांधायचा प्रस्ताव होता. स्थानिक लोक आणि जतन संस्था वर्षानुवर्षं लढल्या, प्रस्ताव बारगळला. फ्लीटवूडचा माथा वर्गणी जमवून विकत घेतला गेला तो २०१३ मध्ये. त्यावर नंतर बांधलेली घरं उतरवून टेकडीला मूळचं रूप दिलं. आता याच परगण्यात डेटा सेंटरसाठी जमिनींना मागणी आहे आणि त्यावरून पुन्हा वाद चालू आहेत. जाणार असाल तर आधी स्टेशनजवळचं घर पाहा, मग बेव्हर्ली उताराचा रस्ता, सेंट जेम्स चर्चची जागा आणि शेवटी टेकडी. त्या दिवशीची लढाई साधारण याच क्रमाने सरकत गेली होती, त्यामुळे कार्टरची तोफ कुठून दिसली असेल आणि विंडहॅम कुठे थबकला असेल ते टेकडीवर उभं राहिल्यावर आपोआप कळतं.